अकरा मिनिटं न अडखळता

३ फेब्रुवारी

दादा,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. काल मी एका परक्या घरात, परक्या माणसासमोर अकरा मिनिटं बोलले. सलग. एकदाही न अडखळता. त्यात 'क' आला, 'प' आला, आणि 'कुलूप' हा शब्द एकोणीस वेळा आला. मोजलेत मी. ज्या पोरीला दुकानात साबण मागायला पाठवलं तर ती नुसतं बोट दाखवून परत यायची, तिनं एकोणीस वेळा कुलूप म्हटलं आणि तीन कुलुपं विकली.

दोन वर्षांनी पत्र येतंय म्हणून दचकू नकोस. आई बरी आहे. पैसे नकोत. मला फक्त हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्याला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटेल असा माणूस तूच आहेस.

नोकरी कुलुपांच्या कंपनीत. दारोदार जायचं. पिशवीत हातभर उंचीचं लाकडी दार असतं, खरंखुरं, चौकटीसकट. ते लोकांच्या टेबलावर उभं करायचं आणि त्यावर कुलूप चालवून दाखवायचं. काय बोलायचं ते कंपनीनं लिहून दिलंय. चार पानं. स्वल्पविरामाला किती थांबायचं तेसुद्धा. आमचे साहेब स्टॉपवॉच घेऊन बसतात, आम्ही त्यांना 'घड्याळ' म्हणतो. बाकीचे आठ जण त्या पानांना शिव्या घालतात. पोपटपंची म्हणतात. मी मात्र ती पानं उराशी धरून घरी आणली. तुला आठवतं, पाढे म्हणताना मी कधीच अडखळायचे नाही? एकोणतीसचा पाढा धाडधाड. पाठ केलेलं माझ्या जिभेला अडत नाही. अडतं ते त्या वेळी सुचलेलं.

आधीच्या नोकरीत, त्या विजेच्या सामानाच्या दुकानात, मी काउंटरवर टिकले असते की नाही, देव जाणे. पण तू मालकाला माझ्या माघारी फोन करून सांगितलंस, "बहिणीला बोलायची अडचण आहे, तिला आत गोडाउनमध्ये ठेवा," आणि मी दोन वर्षं खोक्यांवर आकडे लिहीत बसले. तू चांगल्या मनानं केलंस, हे मला माहीत आहे. म्हणूनच राग जात नाही. वाईट मनानं केलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते.

असो. अकरा मिनिटं, दादा.

तुझी बहीण


२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. अडीच ओळी. "काळजी घे. फार बोलायला लावत असतील तर सोड. वहिनीचा नमस्कार." वहिनीला माझाही नमस्कार. बाकीच्या दोन ओळी मी परत पाठवल्यात असं समज.

सोडू कशाला? नऊ जणांत मी पहिली आहे. या महिन्यात एकेचाळीस दारं. ऑफिसात माझं नाव काय पडलंय ठाऊक आहे? 'एक्सप्रेस'. कारण मधल्या स्टेशनावर थांबत नाही! मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना काय माहीत, ही गाडी जन्मभर सिग्नललाच उभी होती.

अजून त्यांना कळलेलं नाही. ऑफिसात मी कमी बोलते, मान हलवते, लोकांना वाटतं भाव खाते. वाटू दे. शिष्ट म्हणवून घेण्याची मजा मी पहिल्यांदाच घेतेय.

तू विचारशील, गिऱ्हाईकानं मध्येच प्रश्न विचारला तर? त्यालाही उपाय आहे. मी हसते, एक बोट वर करते, म्हणजे 'सांगते, थांबा', आणि पुढचं वाक्य सुरू करते. गाडी रुळावरून उतरू द्यायची नाही. सहाव्या मिनिटाला एक वाक्य आहे, "गेल्याच आठवड्यात, याच रस्त्यावर, दिवसाढवळ्या एक घर फोडलं." त्यानंतर तीन सेकंद गप्प बसायचं. लिहूनच दिलंय. त्या तीन सेकंदांत माणूस स्वतःच्या दाराकडे बघतो. दहातले आठ तरी बघतातच. तिथून पुढे प्रश्न विचारायचं त्यांना सुचत नाही.

ते वाक्य खरं आहे का, असं विचारू नकोस. मी कंपनीची माणूस आहे, पोलीस नाही.

आई शेजारणीला सांगत होती, "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. आमच्या पोरीचं बघा आता." मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिले.

तुझी
एक्सप्रेस


९ मे

दादा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

पहिल्या पत्रात ज्या घराची मी फुशारकी मारली, ते एका निवृत्त चित्रकलेच्या मास्तरांचं घर. दुसरा मजला, एकटेच राहतात. त्या दिवशी दार उघडंच होतं. नुसतं पुढे लोटलेलं. आत मोठ्या खिडकीपाशी टेबल, टेबलावर ब्रशांनी भरलेले डबे, आणि समोरच्या बिऱ्हाडातली चिमुरडी पालथी पडून रंगवत होती. मी माझं छोटं दार मांडलं तेव्हा मास्तर म्हणाले, "वा, सुबक आहे. कुणी बनवलं?" मी बोट वर केलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. सहाव्या मिनिटानंतर मास्तरांनी तिला घरी पाठवलं आणि तीन कुलुपं घेतली. एक मुख्य दाराला, एक गॅलरीला, एक आतल्या खोलीला.

गेल्या मंगळवारी त्यांची तक्रार आली, गॅलरीचं कुलूप अडकतं. कुलुपं बसवणारे आमचे सुतारकाका आणि मी गेलो. बेल वाजवली. आतून आवाज, "कोण?" काकांनी सांगितलं. "कंपनीचं कार्ड फटीतून टाका." टाकलं. मग सरकवण्याचा आवाज आला, दादा. दारामागे त्यांनी पलंग लावला होता. मग एक कुलूप, मग कडी, मग अजून एक साखळी, ती त्यांनी स्वतः कुठून तरी आणून ठोकली होती, वाकडी.

आत दिवसाउजेडी दिवा लावलेला. खिडकीला आतून पुठ्ठा मारलेला, चित्राचे जाड पुठ्ठे असतात ना, तेच. ब्रशांचे डबे कोपऱ्यात. त्यांची दाढी वाढलेली. मला पाहून त्यांना बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट. म्हणाले, "बरं झालं हो तुम्ही वेळेवर सांगितलंत. मी आपला सताड उघडं टाकून बसायचो. त्या फोडलेल्या घरातल्या माणसांचं काय झालं पुढे? मी बऱ्याच जणांना विचारलं, पण कुणाला माहीतच नाही."

मी तोंड उघडलं. काही फुटलं नाही. 'घ' वर अडकले आणि तिथेच उभी राहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग कुलपाकडे वळले.

जिन्यात ते म्हणाले, "ते घर कुठलं गं?"

मी मान हलवली. असं कुठलं घरच नव्हतं. ते वाक्य आम्ही नऊ जण रोज, प्रत्येक रस्त्यावर म्हणतो.

तुला हे सांगायची मला लाज वाटते. पण फुशारकी तुझ्याकडेच मारली, तेव्हा हेही तुझ्याकडेच यायला हवं.

बहीण


३० मे

दादा,

मी ते वाक्य टाकलं. एकच वाक्य, चार पानांतलं. आणि काय झालं ऐक. अख्खी माळ तुटली. पाचव्या मिनिटापर्यंत गाडी सुसाट, मग एकदम खड्डा. पुढचं वाक्य त्या टाकलेल्या वाक्याच्या हाताला धरून चालत होतं, ते येईना. एका घरी 'प' वर पंधरा सेकंद उभी होते. बाई आधी गोंधळल्या, मग त्यांना वाटलं मला भोवळ येतेय. पाणी आणून दिलं. पाणी प्यायले, आभार मानायला गेले, तर 'आ' पण अडकला. त्यांच्या मुलीनं आत जाऊन तोंडावर उशी दाबून हसून घेतलं. मला ऐकू आलं.

अकरा दिवस एकही कुलूप नाही.

घड्याळसाहेबांनी बोलावलं. खोलीत ते आणि मी. म्हणाले, "म्हणून दाखवा." म्हटलं. पाचव्या मिनिटाला मी अडकले. त्यांनी स्टॉपवॉच खाली ठेवलं. त्यांना सगळं कळलं, माझा चेहरा बघूनच.

"हे कधीपासून?"

"ज-ज-जन्मापासून."

ओरडले नाहीत. म्हणाले, "मीसुद्धा पाठ करूनच उभा राहिलो. त्या चार पानांनी मला घर दिलं. तुम्हालाही त्यांनीच उभं केलं ना? मग एका वाक्यानं काय बिघडलं? म्हणून टाका. गाडी चालू द्या."

खरं सांगू, दादा? मोह झाला. ते वाक्य म्हटलं की मी उद्या परत एक्सप्रेस. खोटं बोलले की जीभ सुटते, खरं बोलले की अडकते, असा कुठे न्याय असतो का? पण मला तो पुठ्ठा मारलेला उजेड दिसत होता. मी नाही म्हटलं. 'नाही' हा शब्द मात्र एका फटक्यात आला, मलाच नवल वाटलं.

महिनाभर मुदत दिलीय. तुला कळवतेय, पण एक अट आहे. साहेबांना फोन करायचा नाही. त्यांचा नंबर शोधायचाही नाही. केलास तर मला कळेल आणि मग हे शेवटचं पत्र.

बहीण


१८ जुलै

दादा,

तू फोन केला नाहीस. आभार. तुझं पत्रही या वेळी दीड पान होतं, त्यात "मी तेव्हा चुकलो असेन" असं आहे. 'असेन' वर मी थोडा वेळ बघत बसले. चालेल. तुझीही जीभ कुठे तरी अडते म्हणायची.

आता माझं ऐक. मी जून महिना सुतारकाकांच्या मागे हिंडले. ते कुलुपं बसवायचे, मी दारं बघायचे. काका म्हणतात, "लोक कुलूप बघतात. चोर चौकट बघतो." कुलूप कितीही भारी असू दे, चौकटीतली पट्टी, जिच्यात कुलपाची जीभ अडकते ती, बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंवर बसवली असेल तर एक लाथ पुरे. लांब स्क्रू घाला, निम्मं काम झालं. बिजागरी बाहेरच्या अंगाला असेल तर कुलपाला कोण विचारतो? हे चार पानांत कुठेच नाही.

मग मी छोटं दार पिशवीतच ठेवायला लागले. बेल वाजवायची आणि पहिलंच सांगून टाकायचं, "मी अ-अडखळत बोलते. घाई असेल तर नंतर येते." निम्मे लोक दार लावून घेतात. लावू देत. उरलेल्यांना मी विचारते, हे दार कोण कोण उघडतं? किल्ली कुणाकुणाकडे आहे? आणि गप्प बसते. दादा, लोक बोलतात! एका बाईंनी सांगितलं, त्यांची सासू रात्रंदिवस दार तपासत बसते, म्हणून भारी कुलूप हवं. मी म्हटलं, सासूबाईंना कडी दिसत नसेल, दाराला आतून पांढरा रंग आहे आणि कडीही पांढरी. कडीला लाल रंग लावा. त्या दिवशी काही विकलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बाईंनी तीन शेजारणींकडे पाठवलं.

आणि मी मास्तरांकडे गेले. त्यासाठी काही पाठ केलं नव्हतं. पलंग सरकला, कुलूप, कडी, साखळी. मी उभ्या उभ्या सांगायला लागले. "ते घर... ते घ-घ-घर नव्हतं. कुणाचंच फ-फोडलं नव्हतं. मला लिहून दिलं होतं, मी म्हटलं. मी ख-खोटं बोलले तुमच्याशी." एवढं सांगायला मला चार मिनिटं लागली असतील. घामानं ओढणी भिजली. मास्तर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. माझा शब्द पुरा केला नाही, नजर चुकवली नाही. वर्गात एखादं पोर फळ्यापाशी अडकलं तर थांबत असतील, तसे थांबले.

मग म्हणाले, "त्या दिवशी किती फर्डं बोलत होता तुम्ही. मला वाटलं, एवढं छान बोलणारी बाई चुकीचं कशाला सांगेल?" जरा वेळानं, "आज मात्र इतक्या कष्टानं कुणी खोटं बोलणार नाही."

मग ते रागावलेही. छान रागावले. पाच महिने आंधळ्यासारखं बसवलंत मला, म्हणाले. मी ऐकून घेतलं. दोन कुलुपं परत काढून देते म्हटलं, काढली. खिडकीचा पुठ्ठा आम्ही दोघांनी मिळून उचकटला. त्याच्या मागे काचेवर धूळ होती, ती त्यांनी मला पुसायला लावली. शिक्षा म्हणून!

निघताना त्यांनी एक चिठ्ठी दिली. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाची वॉर्डन आहे. तिथे सगळ्या खोल्यांची कुलुपं बदलायची आहेत. चिठ्ठीत एकच ओळ होती, "ही सावकाश बोलते, ऐकून घे."

साहेबांनी मुदत वाढवलीय. तेवढ्यापुरती.

तुझी बहीण


२ सप्टेंबर

दादा,

झालं. आपण जिंकलो असं लिहिणार होते, पण 'आपण' कशाला? मी जिंकले.

सविस्तर सांगते. वसतिगृह तीन मजल्यांचं, अठ्ठेचाळीस खोल्या. समितीत पाच जण, आणि आमच्याशिवाय दोन कंपन्या. मी आदल्या दिवशी सुतारकाकांना घेऊन सगळी दारं बघून आले. प्रत्येक खोलीतल्या बायकांना विचारलं, तुम्हाला भीती कसली वाटते? चोराचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. एक परिचारिका म्हणाली, "रात्रपाळीनंतर दिवसा झोपते, कुणीही दार ढकलून आत येतं, आतून लावायला धड बोल्टच नाही." अशा एकोणीस खोल्या निघाल्या. आणि मागच्या जिन्याच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप. आग लागली तर अठ्ठेचाळीस खोल्यांतल्या बायका एकाच जिन्यानं उतरणार.

समितीसमोर आधी ते दोघे बोलले. काय बोलले! एकाच्या सहाव्या मिनिटाला मला हसू फुटलं. "याच भागात, गेल्याच आठवड्यात." म्हणजे यांच्याकडेही तेच!

मग मी. घड्याळसाहेब मागच्या खुर्चीवर. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी अडखळते, वेळ लागेल. पहिलाच शब्द 'कुलूप'. अडकला. समितीतले एक आजोबा, फार सज्जन माणूस, मदतीला धावले. "कडी? कपाट? किल्ली?" सगळे माझ्याकडे बघत होते, दादा. तुझीच आठवण आली. तूही असाच धावायचास, रिक्षावाल्यासमोर, डॉक्टरसमोर, शाळेत. आणि मी दर वेळी तोंड मिटून घ्यायचे.

मी म्हटलं, "थ-थांबा, काका. माझा शब्द आहे. मीच बोलणार."

मग शब्द आला. मग पुढचा आला. मी सांगितलं की अठ्ठेचाळीस कुलुपांची गरज नाही. सत्तावीस खोल्यांची कुलुपं उत्तम आहेत, फक्त पट्टीला लांब स्क्रू घाला. एकोणीस खोल्यांना आतून बोल्ट द्या. दोन दारं मात्र सडलीत, ती बदला, त्यांना कुलूप लावणं म्हणजे पत्त्यांच्या बंगल्याला कुंपण. आणि मागच्या जिन्याचं कुलूप आजच्या आज काढा, त्याला आतून ढकलून उघडणारा दांडा लावा. तो आमची कंपनी बनवत नाही. दुसरी बनवते, तिचं नाव मी दिलं.

मागे साहेब खोकले.

सव्वीस मिनिटं लागली. पाठ केलेलं एक वाक्य नव्हतं. अडखळले किती वेळा ते मोजलं नाही, पहिल्यांदाच मोजावंसं वाटलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी पाणी आणलं नाही. वॉर्डनबाई लिहून घेत होत्या. मी अडकले की त्यांचं पेन थांबायचं, मी सुटले की चालायचं.

काम आम्हाला मिळालं. दुसऱ्यांच्या निम्म्याहूनही लहान काम, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या आणखी दोन वसतिगृहांचं बघायला बोलावलंय. आणि बोलावणं कंपनीच्या नावावर नाही आलं. "त्या बाईंनाच पाठवा," असं लिहिलंय. कागद आईनं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय.

साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते तिथे काय बोललात ते लिहून द्या. बाकीच्यांना पाठ करायला देतो." दादा, मी खुर्चीवर बसून हसले. मग खरंच लिहून दिलं. दार बघा. विचारा. गप्प बसा. साहेबांनी कागद उलटून मागे बघितलं. "एवढंच? याला अकरा मिनिटं कशी लागणार?"

मी अट घातली की सहाव्या मिनिटाचं वाक्य काढा. आमच्या ऑफिसपुरतं काढलंय. बाकी गावांत अजून चालू आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. चार पानं मी फेकली नाहीत. नवीन आलेली एक मुलगी आहे, परक्या दाराची बेल दाबायलाच घाबरते. तिला मी तीच पानं पाठ करायला दिलीत, ते वाक्य खोडून. उभं राहता आलं की ठेव बाजूला, म्हटलं.

आता तुझं. तू विचारलंस, फोन करू का, की तुला त्रास होईल. मीच करते. रविवारी सकाळी दहाला. वहिनीला उचलू देऊ नकोस, तूच उचल. मला आधी 'दादा' म्हणायचंय आणि 'द' माझ्या जिभेला कधीच वश नव्हता, म्हणून तर मी तुला घरात हाक मारायचे नाही, येऊन बाही ओढायचे. तेव्हा बराच वेळ काही ऐकू येणार नाही. लाइन गेली असं समजून फोन ठेवू नकोस. माझ्याऐवजी बोलायला सुरुवात करू नकोस.

मी तिथेच असेन.

तुझी बहीण